अजून एक पायरी

कोजागिरीला दुधाचं पातेलं गच्चीच्या मधोमध,
चंद्र बरोबर आत पडेल अशा बेताने.
ते खळदकर वहिनींचं खातं.
आमचं खातं टाकीमागे.

पेले मात्र सगळ्यांना सारखेच,
वर्गणीतून घेतलेले, स्टीलचे,
बुडाशी 'श्रीरंग सोसायटी, वारजे' कोरलेलं.
ही युक्ती माझी, सेक्रेटरी या नात्याने.
आठ वर्षांपूर्वी सगळ्यांनी पाठ थोपटली होती:
पोरांना काय कळतंय, कोण काय पितंय!

खाली बायपासवरून ट्रक जातात चांदणी चौकाकडे.
तिसऱ्या पेल्यानंतर तुपे
प्रत्येक ट्रकला उभं राहून सलाम ठोकतात.
गायधनी आधी गुंठ्याचे जुने भाव सांगतात,
मग नवे,
मग भावाचं नाव घेऊन रडतात.
बायका सतरंजीच्या पलीकडच्या टोकाला.
त्या इकडे बघत नाहीत,
म्हणजे मोजत असतात.
यंदा नव्या भाडेकरूंपैकी दोघी सरळ आमच्यात येऊन बसल्या,
तर तुप्यांनी रुमालाने खुर्च्या पुसून दिल्या
आणि अर्धा तास कुणालाच शिवी आठवेना.

बाराला लक्ष्मी विचारत फिरते म्हणे, कोण जागं आहे?
आम्ही दरवर्षी ओरडतो: आम्ही!
दरवर्षी हसतो.

लिंबू संपलं म्हणून उठलो.
सोलरच्या पत्र्यांमागे पोरं बसली होती गोल करून,
दुधाचे पेले एकमेकांवर आपटत.
ओजस उभा राहिला, डुलला,
लांबच्या हॉर्नला त्याने सलाम ठोकला.
मिहिका नाक ओढत म्हणाली, 'सख्खा रे, सख्खा भाऊ!'
हुबेहूब.
मला हसू आवरेना. भिंतीला टेकून
मी पुढच्या पात्राची वाट बघू लागलो.

'शर्वाणी, आता तू तुझे बाबा हो.'

'माझे बाबा काहीच करत नाहीत.'
'असं कसं? काहीतरी करतच असतील.'
तिने पेला खाली ठेवला. कडेला, कुणाचा पाय लागू नये असा.
'ते फक्त जिना उतरतात,' म्हणाली.
आणि त्या सपाट गच्चीवर
एक हात हवेतल्या कठड्यावर ठेवून
माझी मुलगी पावलाने पायरी शोधू लागली,
जिथे पायरी नव्हती.
'पार्थ, तू मी हो. पुढे चाल.
प्रत्येक मजल्याला दिवा लाव.
आणि म्हण, बाबा, अजून एक.'

पार्थने लावला दिवा, हवेतच. 'बाबा, अजून एक.'
कुणी हसलं नाही.
'मग पुढे काय?' ओजसने विचारलं.
'काही नाही. घर येतं.'

मला वाटायचं, ती अंधाराला भिते.
म्हणून पळत पुढे जाते, बटणं दाबत.
ऑफिसात सांगितलंय मी हे, कौतुकाने.
तुळशीबागेतून बदकाचा एक दिवा आणलाय,
तिच्या उशाशी रात्रभर जळतो.

लिंबू न घेताच परतलो.
कुणी विचारलंही नाही.
पेल्यात जे होतं ते होतं,
ते ओतलं नाही, प्यायलोही नाही,
नुसता हातात धरून बसलो,
आणि वहिनी दूध वाढायला आल्या तेव्हा
'माझं आहे' म्हणालो.

अकरानंतर लिफ्ट बंद. तो ठरावही माझाच.
ती पुढे. खट्, सहावा मजला.
खट्, पाचवा.
आज मी सरळ चालत होतो.
चौथ्याच्या वळणावर कोपरा तुटलेली पायरी आहे,
ती मला स्वच्छ दिसत होती,
फुटलेल्या फरशीतली वाळूसुद्धा.

तरी थांबलो.
'बाबा, अजून एक,' ती म्हणाली.
मग उतरलो.